वेदना आणि व्यथा



आजच्या भाषणाचा विषय प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ज्याला कधीं ठेंच लागली नाहीं किंवा ज्याची दाढ कधीं दुखली नाहीं, असा मनुष्य विरळा. तरीहि या ओळखीच्या गोष्टीविषयीं आपल्या घराघरांतून एक ढोबळ समजूत चालत आलेली आहे. जखम जेवढी मोठी तेवढें दुखणें मोठें आणि दुखणें जेवढें मोठें तेवढें कण्हणें मोठें, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब आपण मनांत धरून ठेवतों. मग थोडक्या कारणानें जो कण्हतो त्याला आपण नाजूक ठरवितों आणि मोठ्या दुखण्यांत जो गप्प राहतो त्याला फारसें कांहीं होत नसावें असें समजून चालतों. हें त्रैराशिक खरें नाहीं आणि त्यावर भिस्त ठेवल्यानें घरांतल्या आजारी माणसाचे हाल होतात, एवढीच एक गोष्ट मला आज आपणांपुढें मांडावयाची आहे. मी वैद्य नव्हे. शाळेंत मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. परंतु शास्त्रज्ञांनीं गेल्या ऐंशी वर्षांत या विषयाचा जो शोध लावला, तो सामान्य गृहस्थालाहि समजण्यासारखा आणि उपयोगीं पडण्यासारखा आहे.

प्रथम दोन गोष्टींतील भेद ध्यानांत घेऊं. शरीराच्या एखाद्या भागीं जें जाणवतें त्याला आजच्यापुरतें आपण वेदना म्हणूं. ती कोठें आहे, कशा तऱ्हेची आहे, किती तीव्र आहे, हें सांगतां येतें. तिचे प्रकार सांगणारे शब्द तर आपल्या भाषेंत विपुल आहेत. गळूं ठसठसतें, दाढ ठणकते, खरचटलेली जागा चुरचुरते, भाजलेल्या जागेची आग होते, पोटांत कळ येते, पाठींत उसण भरते, पायांत गोळा येतो. आतां या वेदनेपायीं जिवाची जी तळमळ होते, जो घोर लागतो, ‘हें मला सोसवत नाहीं, याचा शेवट काय होणार?’ असें जें वाटतें, त्याला व्यथा म्हणूं. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनीं १९७५ सालीं रोग्यांसाठीं एक प्रश्नावली तयार केली. तींत दुखण्याचें वर्णन करणारे ७८ शब्द असून त्यांचे २० गट पाडलेले आहेत. कांहीं गट टोचणें, जळणें, ओढ लागणें अशा संवेदनांचे आहेत; तर कांहीं गट थकविणारें, भिवविणारें, छळणारें अशा मनाच्या अवस्थांचे आहेत. रोगी दोन्ही तऱ्हेचे शब्द वापरतो, कारण त्याला दोन्ही गोष्टी भोगाव्या लागतात. हा भेद आपल्या देशाला अगदींच नवीन नाहीं. पाली वाङ्मयांतील संयुत्त निकायांत एक दृष्टान्त आहे. अज्ञ मनुष्याला एक बाण शरीराला लागतो आणि लगेच दुसरा मनाला लागतो. ज्ञानी मनुष्याला पहिला लागला तरी दुसरा लागत नाहीं, असा त्याचा मथितार्थ. आधुनिक शास्त्रानें या दुसऱ्या बाणाचा माग काढला आहे.

हा माग लागला तो रणांगणावर. हार्वर्ड विद्यापीठांतील भूलतज्ज्ञ हेन्री बीचर हे दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याबरोबर इटलींतील आघाडीवर होते. जबर जखमी झालेल्या २१५ सैनिकांची त्यांनीं विचारपूस केली. हे सैनिक शुद्धीवर होते आणि नीट उत्तरें देत होते. कित्येक तास मॉर्फिन मिळालेलें नसतांहि त्यांच्यापैकीं सुमारें तीन चतुर्थांश सैनिकांनीं, दुखणें थांबविण्याचें औषध आम्हांला नको, असें सांगितलें. ही माहिती बीचर यांनीं १९४६ सालीं प्रसिद्ध केली. या सैनिकांचे ज्ञानतंतु बधिर झाले होते म्हणावें, तर तसेंहि नव्हतें. शीर न सांपडल्यामुळें कोणी सुई वेडीवांकडी टोंचली, तर हेच सैनिक चारचौघांसारखे ओरडून तक्रार करीत. पुढें बीचर यांनीं ठरवून शस्त्रक्रिया करून घेतलेल्या नागरिकांशीं त्यांची तुलना केली. १९५६ सालच्या त्यांच्या लेखाप्रमाणें, सैनिकांपैकीं शेंकडा ३२ जणांनीं औषध मागितलें, तर नागरिकांपैकीं शेंकडा ८३ जणांनीं मागितलें. आणि नागरिकांच्या जखमा तर पुष्कळच लहान होत्या.

याची उपपत्ति बीचर यांनीं अशी लावली कीं, माणूस जखमेचा जो अर्थ करतो त्यावर व्यथा अवलंबून असते. तोफांच्या माऱ्यांतून जिवंत सुटलेल्या सैनिकाला ती जखम म्हणजे घरीं परत जाण्याचा परवाना होता. नागरिकाला शस्त्रक्रिया म्हणजे चालत्या संसारावर आलेलें अरिष्ट होतें. हाडामांसाची मोडतोड एका बाजूला अधिक होती, आणि व्यथा मात्र दुसऱ्या बाजूला.

मनांतला अर्थ शरीरांत उतरतो तरी कसा, असा प्रश्न आपण विचाराल. त्याचें एक उत्तर १९६५ सालीं पुढें आलें. वर सांगितलेले मेलझॅक आणि इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनीं असें मांडलें कीं, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत वेदनेच्या वाटेवर जणुं एक फाटक आहे. जखमेकडून येणारा निरोप या फाटकांतून मेंदूकडे जातो. फाटक उघडें असलें तर सारा निरोप जातो. अर्धवट मिटलेलें असलें तर थोडाच जातो. लागलेल्या जागीं आपण हात चोळतों तेव्हां बरें वाटतें, कारण स्पर्शाचा निरोप नेणारे तंतु हें फाटक थोडें लोटून घेतात. परंतु फाटकावर हुकूम केवळ खालूनच येतो असें नाहीं. वरून मेंदूकडूनहि येतो. भय, चिंता, लक्ष तेथेंच खिळून राहणें, यांनीं तें उघडतें. धीर, विश्वास, दुसऱ्या कामांत गुंतणें, यांनीं तें मिटतें. या मूळ कल्पनेच्या तपशिलांत पुढें पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, परंतु मेंदू वेदनेचें नियमन वरून करतो हा तिचा गाभा कायम राहिला आहे.

वरून येणाऱ्या या हुकमाचा एक दूतहि सांपडला. मेंदू स्वतःच अफूच्या जातीचीं द्रव्यें तयार करतो, असें १९७५ च्या सुमारास उघडकीस आलें. मग १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स या तिघांनीं दाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग केला. कांहीं रोग्यांना, औषध म्हणून, ज्यांत औषध मुळींच नाहीं असें इंजेक्शन दिलें. त्यांतल्या ज्यांना केवळ विश्वासानें आराम पडला होता, त्यांना अफूचा गुण मारणारें नॅलोक्सोन हें औषध देतांच वेदना पुन्हां वाढली. म्हणजे त्यांना पडलेला आराम खोटा नव्हता. विश्वासामुळें मेंदूनें आपलें स्वतःचें औषध सोडलें होतें.

वेदना आणि व्यथा यांचीं ठाणीं मेंदूंत अगदीं एकच नाहींत, हेंहि दिसून आलें आहे. माँट्रियल येथील पियर रेन्व्हिल व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं ज्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली, त्यांत लोकांना संमोहित करून त्यांचा हात सोसवेल न सोसवेल अशा गरम पाण्यांत ठेवविला. पाणी तितकेंच गरम असतां, ‘हें फार असह्य आहे’ किंवा ‘हें विशेष असह्य नाहीं’ अशा सूचना दिल्या. सूचनेप्रमाणें लोकांची तळमळ कमीअधिक झाली आणि तिच्याबरोबर मेंदूच्या पुढल्या भागांतील एका पट्ट्याचें कार्य कमीअधिक झालें. पण स्पर्श व संवेदना नोंदविणाऱ्या मुख्य भागाचें कार्य फारसें बदललें नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. व्यथेंत मनाचा वांटा आहे म्हणजे दुखणें मनाचे खेळ आहेत, असा अर्थ कोणीं काढूं नये. मेंदू हाहि शरीराचाच भाग आहे. छातींत एकाएकीं कळ आली, पोटदुखी थांबेना, डोकें पूर्वीं कधीं नव्हतें असें दुखूं लागलें, तर मनाला धीर देत घरीं बसूं नये, डॉक्टरला गांठावें.

आतां व्यथा वाढविणाऱ्या मनाच्या संवयी कोणत्या, तें पाहूं. कॅनडांतीलच मायकेल सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं १३ वाक्यांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यांत अशा तीन संवयी वेगळ्या केल्या आहेत. पहिली, दुखण्याचाच विचार मनांत घोळवीत राहणें. दुसरी, त्याचा बाऊ करून कांहीं तरी भयंकर होणार असें धरून चालणें. तिसरी, माझ्या हातीं कांहींच नाहीं अशी हतबलता. या तिन्ही ज्याच्यांत प्रबळ असतात, त्याला तेवढ्याच दुखापतीची व्यथा अधिक होते असें पुष्कळ वेळां आढळून आलें आहे.

यांतून पुढें एक दुष्टचक्र सुरू होतें. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनीं २००० सालीं त्याचें वर्णन केलें आहे. कंबर दुखते, म्हणून मनुष्य हालचालीला भितो. भितो म्हणून हालचाल टाळतो. टाळल्यामुळें स्नायु दुबळे होतात, माणसांत मिसळणें सुटतें, मन उदास होतें. आणि उदास मन व दुबळी कंबर मिळून दुखणें वाढवितात. पूर्वीं साध्या कंबरदुखीला सक्तीची विश्रांति सांगत असत. आज डॉक्टर तपासून, मोठा दोष नाहीं अशी खात्री करून घेतात आणि झेपेल तितकें हिंडतें फिरतें राहावयास सांगतात, तें एवढ्यासाठींच. उदासीनतेचें आणि दीर्घ दुखण्याचें नातेंहि असेंच दुहेरी आहे. एक दुसऱ्याला ओढून आणतें.

भोंवतालच्या परिस्थितीचाहि परिणाम होतो. रॉजर उल्रिक यांनीं अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील एका इस्पितळांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांचीं टिपणें तपासलीं आणि १९८४ सालीं निष्कर्ष छापले. निम्म्या रोग्यांच्या खिडकींतून झाडें दिसत होतीं. निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडें पाहणाऱ्यांना तीव्र औषधें कमी लागलीं आणि ते सरासरीनें सुमारें पाऊण दिवस आधीं घरीं गेले. एका लहान पाहणीवरून मोठा सिद्धान्त काढूं नये हें खरें. परंतु भिंतीकडे तोंड करून पडलेल्या रोग्याचा पलंग खिडकीकडे वळविण्यास खर्च तो काय येणार?

हें झालें मनाविषयीं. परंतु मनुष्य केवळ मन घेऊन जगत नाहीं. त्याला वय असतें, तो पुरुष किंवा स्त्री असतो, एखाद्या समाजांत वाढलेला असतो, त्याच्या खिशांत पैसा असतो किंवा नसतो. या साऱ्यांचा व्यथेशीं संबंध आहे.

समाजाचें पाहूं. मार्क झबोरोव्स्की यांनीं न्यूयॉर्कमधील एका इस्पितळांत निरनिराळ्या वंशांच्या रोग्यांचें निरीक्षण करून १९५२ सालीं एक लेख लिहिला. इटालियन आणि ज्यू रोगी दोघेहि मोठ्यानें विव्हळत. परंतु इटालियन रोग्याला तत्काळ आराम हवा असे आणि तो पडला कीं त्याची काळजी संपे. ज्यू रोग्याला, या दुखण्याचा अर्थ काय आणि पुढें काय होणार, ही चिंता असे. औषधानें आराम पडला तरी ती जात नसे. पिढ्यान् पिढ्या अमेरिकेंत राहिलेले लोक डॉक्टरपाशीं हकीकत सांगावी तसें शांतपणें सांगत आणि वेदना वाढली कीं एकांत शोधीत. यावरून अमुक जात सोशिक व तमुक जात रडवी, असा निवाडा करणें मात्र मूर्खपणाचें होईल. ओरडणें सारखें असलें तरी त्यामागची व्यथा वेगळी असूं शकते, आणि ओरडणें नसलें तरी व्यथा असूं शकते, एवढाच यांतून घ्यावयाचा धडा आहे.

स्त्रियांना अर्धशिशी पुरुषांपेक्षां दोन-तीन पट अधिक आढळते. दीर्घकाळ टिकणारीं इतर कित्येक दुखणींहि त्यांच्यांत अधिक आहेत. त्याचीं कारणें शरीरांतील रसायनांतहि आहेत आणि मुलामुलींच्या निराळ्या वळणांतहि आहेत. मुलगा रडला तर ‘मुलीसारखा रडतोस काय?’ म्हणून आपण त्याला गप्प करतों. तोच पुढें मोठा झाला कीं दुखणें लपवितो. मुलगी मोठी झाली कीं ‘बायकांच्या नशिबीं हें असायचेंच’ म्हणून तिलाहि गप्प करतों. एकाला न सांगण्याची संवय लागते आणि दुसरीनें सांगितलेलें कोणी ऐकत नाहीं. उत्पन्नाचेंहि असेंच आहे. दीर्घ दुखणीं गरिबांत अधिक आढळतात, असें अनेक देशांतील पाहण्यांवरून दिसतें. अंगमेहनतीचें काम हें एक कारण झालेंच. पण हातावर पोट असलेल्या माणसाला गुडघा दुखला म्हणजे उद्यांची मजुरीहि दुखते. बीचर यांच्या सैनिकांच्या बरोबर उलट अर्थ त्या वेदनेला येतो.

आणि आतां मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतों. वय, लिंग, वंश यांचा परिणाम भोगणाऱ्यावर होतो, तितकाच ऐकणाऱ्यावरहि होतो. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत, तान्ह्या मुलांना वेदना फारशी कळत नाहीं या समजुतीनें, नवजात अर्भकांवर अगदीं अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. इंदूरला वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं दाखवून दिलें कीं, पुरेसें वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि त्यांना मागाहून होणारे उपद्रवहि कमी होतात. तीं बालकें पूर्वींहि रडत होतींच; त्या रडण्याला वेदना म्हणावयास कोणी तयार नव्हतें. त्याचप्रमाणें २०१६ सालीं केली हॉफमन आणि त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेंत गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना व शिकाऊ डॉक्टरांना प्रश्न विचारले. काळ्या लोकांची कातडी जाड असते अशासारखी एखादी तरी खोटी समजूत सुमारें निम्म्यांना खरी वाटत होती. आणि अशा समजुती असणारे, काळ्या रोग्याची वेदना कमी धरून चालत व उपचारहि कमी अचूक सुचवीत. त्या सुशिक्षितांना हंसण्यापूर्वीं आपण आपल्या घरांत पाहावें. आजोबांचें गुडघेदुखणें ‘वयामुळें’, सुनेची पाठदुखी ‘कामाच्या कंटाळ्यामुळें’, मोलकरणीचें अंगदुखणें ‘संवयीचें’, आणि मुलाची पोटदुखी ‘शाळेमुळें’, असे निकाल आपण तपासणीवांचून देत असतों. वृद्ध तर हे निकाल स्वतःच स्वतःवर देतात आणि डॉक्टरपाशीं बोलतच नाहींत. ज्यांना स्मृतिभ्रंश झाला आहे त्यांना सांगतांच येत नाहीं. त्यांचें अन्न टाकणें, चिडणें, रात्रभर येरझारा घालणें, हेंच त्यांचें सांगणें असूं शकतें. वेदनेच्या अभ्यासासाठीं असलेल्या जागतिक संघटनेनें २०२० सालीं वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हां दोन गोष्टी मुद्दाम नमूद केल्या: रोगी आपल्या वेदनेविषयीं जें सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, आणि कोणाला बोलतां येत नाहीं म्हणून त्याला वेदना नाहीं असें ठरत नाहीं.

मग आपण घरीं काय करावें? पहिली गोष्ट, विचारावें. आणि ‘बरें आहे ना?’ असें उत्तर आंत भरूनच विचारूं नये. कोठें दुखतें, ठणकतें कीं टोचतें, कशानें वाढतें, रात्रीं झोंप लागते का, हें एकदां विचारावें. मग आणखी एक प्रश्न विचारावा, जो आपण सहसा विचारीत नाहीं: या दुखण्याची तुम्हांला भीति कशाची वाटते? कित्येकदां गुडघ्याच्या वेदनेहून, आपण घराला भार होऊं, ही भीति मोठी असते. दुसरी गोष्ट, ‘कांहीं होत नाहीं’ असें म्हणूं नये आणि रोग्यासमोर हाय हायहि करूं नये. मैदानावर पडलेलें लहान मूल रडण्यापूर्वीं आधीं मोठ्यांच्या तोंडाकडे पाहतें, हें प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. मोठीं माणसेंहि थोडीशीं तशींच पाहतात. ‘दुखतें आहे हें खरें, आपण त्यावर उपाय करूं,’ एवढें शांतपणें म्हणावें. तिसरी गोष्ट, रोग्याच्या हातीं कांहीं तरी ठेवावें. केव्हां उठावयाचें, किती चालावयाचें, काय वाचावयाचें, हें त्याला ठरवूं द्यावें. हतबलता त्यानें कमी होते.

चौथी गोष्ट असाध्य आजारांसंबंधीं आहे. लंडन येथें १९६७ सालीं सेंट ख्रिस्तोफर हें अशा रोग्यांचें आश्रयस्थान काढणाऱ्या सिसिली साँडर्स या विदुषी, वेदना ही शरीराची, मनाची, समाजाची आणि आत्म्याची अशी एकत्रित असते, असें सांगत. कर्करोगाच्या वेदनेवरचें औषध रोगी विव्हळेपर्यंत थांबून देऊं नये, घड्याळाप्रमाणें द्यावें, असा त्यांचा आग्रह असे. कारण वेदना परत येण्याची भीतीच अर्धी व्यथा असते. आपल्या मुंबईंत १९८६ सालीं ‘शांति आवेदना’ ही संस्था याच कार्यासाठीं निघाली. मॉर्फिनसारख्या औषधांवर १९८५ च्या कायद्यानें जे कडक निर्बंध आले होते, ते रोग्यांच्या सोयीसाठीं २०१४ च्या दुरुस्तीनें सैल करण्यांत आले. अशा रोग्याच्या घरच्या मंडळींनीं वेदनाशमनाविषयीं डॉक्टरांना निःसंकोच विचारावें. तें मागणें म्हणजे हार पत्करणें नव्हे.

पहिला बाण चुकविणें नेहमींच आपल्या हातीं नसतें. दुसरा पुष्कळदां घरांतल्या माणसांच्या शब्दांनींच खोल रुततो, आणि त्यांच्याच शब्दांनीं तो निघूंहि शकतो. आज हें ऐकणें संपल्यावर आपल्या घरांत जो कोणी आजारी असेल, किंवा आजारी असूनहि तसें म्हणत नसेल, त्याच्याजवळ पांच मिनिटें बसावें, त्याला विचारावें आणि तो सांगेल तें खरें मानावें. इतकें झालें तर माझें हें बोलणें कारणीं लागलें असें मी समजेन.